मेळाव्यातली यशस्वी बाई

जिल्हा उद्योग केंद्रातल्या साहेबांचा फोन आला तेव्हा मी अंगणात मिरच्यांची देठं खुडत होते.

"ताई, शेगावला उद्योग मेळावा आहे. पाच मिनिटं बोलायचं फक्त."

वडनेर भोलजीत माझं मिरची-हळद कांडपाचं छोटं युनिट आहे. सरकारी योजनेतून मशीन आली, शेड उभी राहिली, अनुदानही मिळालं. त्याबद्दल तक्रार नाही. पण तेव्हापासून मी 'यशस्वी उद्योजिका' झाले. जिल्ह्यात कुठेही मेळावा असला की स्टेजवर एक बाई लागते, आणि ती बहुतेक मीच असते. ऐन हंगामात गिऱ्हाइकं मिरचीची पोती घेऊन ओट्यावर बसलेली, आणि मी कुठल्यातरी हॉलमध्ये पाहुण्यांची वाट बघत.

"नाही म्हणून दे ना. काऊन जाऊन राह्यली?" नवरा म्हणाला.

"त्या साहेबानं आपल्यासाठी लय धावपळ केली होती."

शेगावला गेले. शाल झाली, नारळ झाला. भाषण आता तोंडातून आपोआप निघतं, मला ऐकूही येत नाही. ते संपलं तशी मागच्या रांगेतून एक तरुण बाई उभी राहिली. संग्रामपूरकडून आली होती. बाकी सगळे अनुदान किती ते विचारत होते. तिनं विचारलं, "ताई, लाइन गेली तं काय करता?"

"बसून राह्यतो," मी म्हणाले.

लोक हसले. मी गंमत केली नव्हती. मग उभ्याउभ्याच बोलून टाकलं, "मशीन भेटते, माल भेटते, गिऱ्हाईकबी येते. पण थ्री फेज दिवसभर टिकत नाही. योजना घ्या, पण जागा पाहायच्या आधी तिथं लाइन कशी राह्यते, ते इचारा."

चहाच्या वेळी साहेब शेजारच्या खुर्चीत येऊन बसले. रागावतील असं वाटलं होतं.

"खरं तेच बोललात," ते म्हणाले. "पण वीज माझ्या खात्यात नाही हो. माझ्याकडे फक्त उद्दिष्ट येतं, इतके अर्ज मंजूर करा."

त्यांचे डोळे जागरणाने लाल झाले होते. मला त्यांची कीव आली, आणि कीव करायचाही कंटाळा आला.

थोड्या दिवसांनी ती संग्रामपूरची बाई सासूला घेऊन एसटीनं माझ्याकडे आली. लाइन नव्हतीच. आम्ही तिघी पोत्यांवर बसलो. सासू मिरचीच्या ठसक्यानं शिंकून बेजार झाली, तरी उठेना.

"तुमाले पस्तावा होते का?" सुनेनं विचारलं.

"पस्तावा नाही. थकवा येते."

"थकवा तं निंदनातबी येते," सासू म्हणाली आणि परत शिंकली.

दुपारी उशिरा लाइन आली. मशीन सुरू केली तशा त्या दोघी उठून तिच्याजवळ गेल्या. सुनेनं खाली पडणाऱ्या गरम तिखटात बोट घातलं, वास घेतला. एसटी चुकेल म्हणून घाईतच निघाल्या.

पावसाळा सरल्यावर तिचा फोन आला. घराजवळची जागा सोडून तिनं बाजारात गाळा भाड्यानं घेतला होता, तिथं लाइन जरा बरी राहते म्हणून. मशीन योजनेतूनच घेतली. "चालू झाली, ताई," एवढंच म्हणाली. मागं मशीनचा आवाज येत होता.

साहेबांची मधल्या काळात बदली झाली. यंदा नव्या मॅडमचा फोन आला. मेळावा आहे, तुमचं नाव आमच्याकडे आहे.

"अक्षय तृतीयेनंतर, हंगाम ओसरल्यावर ठेवाल तर येते," मी म्हणाले.

"मार्चच्या आतच घ्यावा लागतो हो."

"मग यंदा नाही जमणार, मॅडम."

त्या "बरं," म्हणाल्या, आणि दुसरं कोणी आहे का विचारलं. मी संग्रामपूरच्या बाईचं नाव सांगितलं नाही. तिचा पहिलाच हंगाम होता.

मेळाव्याच्या दिवशी लाइन संध्याकाळपर्यंत टिकली. ओट्यावरची सगळी पोती कांडून निघाली. हातांची आग होत होती, नवऱ्यानं ताट वाढून ठेवलं होतं. मी न जेवताच झोपले.