शिमग्याच्या आधी गुडघे

माझा स्वभाव तापट, हे महाडात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. उभा जन्म प्राथमिक शाळेत गेला, शेवटची काही वर्षं मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत. आवाज चढवल्याशिवाय माझा दिवस सुरू व्हायचा नाही. पण निवृत्ती जवळ आली तशी गंमत अशी झाली की आवाज तेवढा चढायचा आणि मी खालीच राहायचे. वरच्या मजल्यावर चौथीचा वर्ग धुमाकूळ घालतोय आणि मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर कठडा धरून ओरडतेय, "येऊ का वर? येऊ?" पोरं महाबेरकी. बाई काही येत नाहीत, हे त्यांनी केव्हाच ओळखलं होतं.

दोन्ही गुडघे कामातून गेले होते. निरगुडीचा पाला शेकून झाला, एरंडेल चोळून झालं. शेजारणीने कसलासा लेप आणून दिला, त्याने गुडघे होते तसेच राहिले, पण माझी बरी साडी कायमची पिवळी झाली. भेटेल तो इलाज सांगायचा. सांगायला काय जातंय!

शाळेचा जिना मी एक वेळ सोडून दिला असता. माझं खरं दुखणं होतं माहेर. पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाटाच्या रस्त्याला एस.टी.तून उतरायचं आणि तिथून थेट डोंगराला भिडायचं. वर सड्यावर, डोंगराच्या सपाट माथ्यावर, आमची वाडी. रस्ता नाही, नुसती पाखाडी, दगडी पायऱ्यांची वाट. तिथे माझी आई, ऐंशीच्या घरातली, धाकट्या भावाकडे राहत होती. ती खाली येईल म्हणता? नाव नको. एस.टी.च्या नुसत्या वासाने तिला ओकाऱ्या व्हायच्या. आमच्याकडे शिमग्याला गावदेवीची पालखी घरोघर येते आणि माहेरवाशिणी देवीची ओटी भरतात. मी लागोपाठ दोन शिमगे चुकवले होते. आई वर, मी खाली, मध्ये डोंगर. शिमग्याला ढोलाचा आवाज कानावर आला की मला रडू फुटायचं, आणि रडू आलं की मी घरच्यांवर ओरडायचे. माझी रीतच तशी.

भावाला माझी दया आली. म्हणाला, "आक्का, डोलीत घालून नेतू तुला. चार गडी लावतू." डोली म्हणजे बांबूला बांधलेली घोंगडीची झोळी. आमच्या वाडीतून आजारी माणूस, अडलेली बाई त्यातून खाली दवाखान्यात न्यायची. डोली उतरते, चढत नाही. चढलीच तर त्यात मढं असतं, हे सगळ्यांना माहीत. मी त्याला असा झाडला की बिचारा चहा अर्धा टाकून निघून गेला.

शेवटी आमचे हे मला पुण्याला घेऊन गेले. वरंधा घाट, भोर, पुणे. प्रत्येक वळणाला माझा एकेक गुडघा देवाचं नाव घेत होता. डॉक्टर माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. त्याने एक्स-रेचा फोटो उजेडावर धरला आणि सांगितलं की दोन्ही सांध्यांतली गादी पार झिजली, हाडावर हाड घासतंय.

"म्हणजे ऑपरेशन?" मी विचारलं.

"ते तुम्ही ठरवायचं," तो म्हणाला. "जिवाला धोका नाही, त्यामुळे उद्याच करा असं मी म्हणणार नाही. गोळ्या, व्यायाम, वजन उतरवणं यावर भागत असेल तर थांबा. पण दुखण्यापायी तुमची आवडती माणसं आणि आवडती कामं सुटायला लागली की या. फार रेंगाळलात तर मांडीचे स्नायू लुळे पडतात, मग नवा सांधा बसवूनही चालायला जड जातं. आणि एक आत्ताच सांगतो. नंतर जमिनीवर मांडी घालून बसायचं नाही, उकिडवं तर नाहीच नाही."

माझा पारा चढला. "अहो, मग आम्ही जगायचं कसं? विळी जमिनीवर, पंगत जमिनीवर, देव जमिनीवर!"

"आता बसता का खाली?"

"नाही."

"मग जाणार काय तुमचं?"

मी गप्प झाले. माझ्यासारखीला कोणी गप्प केलं की मला फार राग येतो, आणि समोरचा बरोबर असला की जास्तच.

येताना घाटात यांनी विचारलं, "मग कधी करायचं?" मी म्हटलं, "बघू की, गणपती होऊ देत." गणपती झाले, तेव्हा म्हटलं, पितृपक्षात कोण ऑपरेशन करतं? मग नवरात्र. मग भावाची भातकापणी, कारण माझ्याकडे बघायला भावजय यायला हवी. थंडीत लग्नं. त्यानंतर आंबे-फणस, आणि आंबे खायचे सोडून खाटेवर कोण पडणार! पावसाळ्यात तर विषयच नको. सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरायला लागलं की अख्खं महाड सामान माळ्यावर चढवतं. तेव्हा मला कोण चढवणार? आमच्या यांचं हार्डवेअरचं दुकान, तिथला खिळे-स्क्रूचा माल आधी वर जाणार, बायको नंतर. हे हसून म्हणायचे, "तुझा रिकामा महिना कॅलेंडरवाल्यालाही सापडायचा नाही." मी म्हणायचे, "तुम्हाला बोलायला काय होतंय, तुमचे गुडघे शाबूत आहेत!"

खरं सांगू? मला भीती वाटत होती. आहे हे अर्धंमुर्धं चालणंही गेलं तर? मग आई कायमचीच वर राहिली असती.

तरी एकदाचं मन घट्ट केलं. दिवाळीनंतरची तारीख घेतली आणि भावाबरोबर आईला निरोप धाडला की मी गुडघे बदलून घेतेय. आठवडाभरात भाऊ परत दारात. या खेपेला तो चहालाही बसेना.

"आक्का, आयेनं देवीला कौल लावला."

आता कौल म्हणजे काय ते सांगते. गुरव देवीच्या मूर्तीला उजवीकडे आणि डावीकडे ओली फुलं चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवं फूल आधी पडलं तर देवी हो म्हणाली, डावं पडलं तर नाही. आमच्या वाडीत म्हैस घ्यायची, मुलगी द्यायची, विहीर खणायची, काहीही असो, देवीला विचारल्याशिवाय पान हलत नाही.

"मग?" मी विचारलं.

"डावा," भाऊ खाली मान घालून म्हणाला. "देवी नको म्हनते. आये म्हनते, सांग तिला, अजिबात करू नको."

मी वर्गात विज्ञान शिकवलेली बाई. ओलं फूल सुकलं की पडतं, हे मला कळत नाही का? पण खोटं कशाला बोलू, ते डावं फूल डोळ्यांपुढून हलेना. रात्रभर... जाऊ दे, रात्रीचं नको सांगायला. सकाळी मी पुण्याला फोन करून तारीख रद्द केली. यांनी एवढंच म्हटलं, "तुझी मर्जी." ते एवढंच म्हणाले म्हणून मी त्यांच्याशी दिवसभर भांडले.

आणि मग जे कधी घडलं नव्हतं ते घडलं. भर दुपारी दारात रिक्षा थांबली. आतून भाऊ उतरला, आणि त्याच्या मागून, नाकाला पदर लावलेली, मुठीत लिंबू धरलेली, माझी आई! चेहरा पांढराफटक. अख्खा डोंगर पायी उतरून, पोलादपूरहून एस.टी.त बसून ती आली होती. मी धावले. धावले म्हणजे आपलं, भिंत धरून दारापर्यंत पोचले.

"आये, तू? कशी आलीस गो?"

"ओकत आले," आई म्हणाली. "पानी नको. आधी पाय दाव तुजं."

"अगं, बस तरी."

"पाय दाव म्हनते ना!"

तापटपणा मला कुणाकडून आला ते आता तुमच्या ध्यानात आलं असेल. मी पलंगावर बसले, पाय पुढे केले. आई खाली बसली, खुशाल उकिडवी, ऐंशीच्या घरातली बाई, आणि माझी पावलं, घोटे, पोटऱ्या चाचपायला लागली. भाजीवालीकडचा दुधी बघावा तशी. बघता बघता तिचे डोळे भरले.

"चांगलं धडधाकट पाय हायत की गो. हे कापून टाकनार? आनि दुसरं लावनार ते कुनाचं? मेलेल्या मानसाचं?"

मी पाय मागे घेतले.

"आये, तू देवीला नक्की काय विचारलंस?"

"काय इचारनार? म्हटलं, आये, डॉक्टर माज्या लेकीचं पाय कापून नवं लावतो म्हनतो. कापू देऊ काय? देवी नाय म्हनली. हो कशी म्हनंल ती?"

आधी आमचे हे हसले. ते तोंड फिरवून हसत होते, पण खांदे हलत होते. मग मी हसले, मग भाऊ. आई मात्र भडकली. "दात काय काडता? माजा जीव टांगनीला लागलाय हितं!" तिला असं रडकुंडीला आलेलं बघून माझं हसू एकदम विरलं. लेकीचे पाय तुटणार म्हणून ती म्हातारी ओकत ओकत एवढ्या लांब आली होती.

हे उठले, शेजारच्या आमच्या दुकानात गेले आणि एक जुनी झिजलेली बिजागरी आणि एक नवी कोरी घेऊन आले. जुनी आईच्या कानाजवळ धरून हलवली. करकर, करकर.

"आई, हा तुमच्या लेकीचा गुडघा. दार तेच राहणार, चौकट तीच राहणार. फक्त ही काढायची आणि ही बसवायची. पाय कोणी कापत नाही."

आईने दोन्ही बिजागऱ्या हातात घेतल्या. जुनी उघडली, मिटली. नवी उघडली, मिटली. मग आमच्या घराच्या दाराकडे जाऊन तिने तिथली बिजागरी बोटाने चाचपली, दार पुढे-मागे करून पाहिलं.

"येवडंच?"

"एवढंच."

"मंग असं धड सांगाया काय झालं व्हतं?" ती भावावर उखडली. "मेल्या, तू म्हनलास पाय बदलनार! बिजागरी बदलाया कोन देवीला इचारतं? उगा तिला तरास दिला मी."

"आता परत कौल लावायचा का?" मी भीतभीत विचारलं.

"कशाला? जावयबापूंच्या दुकानातलं काम हाय ते." आईने पदर खोचला आणि पाणी मागितलं. गडवाभर पाणी प्यायली आणि मग माझ्याकडे बघून हळू आवाजात बोलली. "हे बघ. मी आज उतरले ती उतरले. आता वर जाईन ती परत नाय उतरायची, माजा भरवसा नाय. मला बघायचं आसंल तर तुला वर यायला हवं. शिमग्याच्या आदी काय ते कर."

एवढं सरळ कोणी बोललं नव्हतं. त्या डॉक्टरनेही नाही. संध्याकाळी मी पुण्याला परत फोन लावला.

ऑपरेशन झालं. दुखलं का? अहो, विचारू नका! दुसऱ्याच दिवशी उभं करतात, तेव्हा मी त्या व्यायामवाल्या मुलीला असं काही बोलले की ती बिचारी मला "आजी" म्हणायची सोडून "मॅडम" म्हणायला लागली. पण हाडावर हाड घासण्याचं ते जुनं, आतलं, कुरतडणारं दुखणं गेलं होतं. कापल्याचं दुखणं वेगळं, ते रोज थोडं थोडं उतरतं. घरी आल्यावर आधी वॉकर, मग काठी, मग यांचा हात, मग तळ्याच्या काठाने सकाळी एकटी. एकदा माझ्या जुन्या शाळेवरून जाताना सहज आत गेले आणि जिना चढले. चौथीचा वर्ग मला बघून असा चिडीचूप झाला की काय सांगू. त्या दिवशी घरी येऊन मी शिरा केला.

होळीनंतर, पालखी दारी यायच्या आत, आम्ही पोलादपूरच्या पुढे उतरलो. पाखाडी चढायला मला सगळ्यांच्या दुप्पट वेळ लागला. मधे मधे बसत होते, दगड उंच बघून. भाऊ मागे, हे पुढे, आणि दोघांचे सल्ले. शेवटी मी ओरडले, "गप्प बसाल का जरा? मला चढू द्या!" करवंदीच्या जाळ्या फुलल्या होत्या, वारा गार होता, आणि खरंच सांगते, मला इतका आनंद झाला होता की पाय दुखतायत की नाहीत तेसुद्धा कळत नव्हतं.

आई दारात तांब्या घेऊन उभी होती. माहेरवाशिणीच्या पायावर पाणी घालायची रीत आहे. तिने पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, आणि वाकून माझ्या साडीवरूनच गुडघा चाचपला. उजवा, मग डावा. मग सरळ होऊन माझ्या तोंडावरून हात फिरवला.  

मी म्हटलं, "काय गो, बघतेस काय?"

"वाटलं नव्हतं येशील," ती म्हणाली. "आता मी मराया मोकळी."

झालं! माझं डोकंच फिरलं. एवढं कापून घेतलं, रक्त आटवलं, डोंगर चढले, आणि ही मरणाच्या गोष्टी करते! "आये, मरायचं नाव काढलंस तर याद राख. आत्ताच्या आत्ता खाली उतरेन!"

"उतर की," आई म्हणाली. बोळक्या तोंडाने हसली. "उतर. परत चडता येतंय आता तुला."