ज्या डब्बीत सिरियल होती

आमची कंपनी म्हनलं का लोक हसते. बोथ गावच्या बाजारात एक शटर, आत परदा, दोन खुर्च्या, एक कम्प्युटर, अन् पाटीवर नाव तीनदा, तेलुगूत, मराठीत अन् इंग्रजीत. मी लग्न होऊन आली तवा मलेही हसू आलतं. आता नाई येत. हे शटर आमच्याकडं कसं राह्यलं ते मले सांगायचं हाय, काऊन का ते जाता जाता राह्यलं, अन् जात होतं ते माह्या हातानं.

सुरुवात सासऱ्यायनं केली. पहिले फोटोचा स्टुडिओ होता. राशन कार्डाचे फोटो, जमिनीच्या पट्टा पासबुकाचे फोटो, शाळेतल्या पोरायचे फोटो. मंग त्यायनं खांद्यावर ठेवाचा मोठा कॅमेरा आनला अन् लग्नाचं शूटिंग सुरू केलं. पहिल्या तेलुगू लग्नात ते अंतरपाटाची वाट पाहत बँडवाल्यायले काढत राह्यले, अन् तिकडं नवरा-नवरीनं एकामेकाच्या डोक्यावर जिरं-गूळ ठेवून मुहूर्त उरकून बी टाकला. नवरीच्या बापानं भर मांडवात झापलं. ते सांगत, "त्या दिवशी मी शिकलो, कॅमेरा नंतर, रीतभात पहिले." मंग त्यायनं देवीवर एक पिक्चर काढली, गावातल्याच लोकायले घेऊन, ते केबलवर कितीक वर्स नवरात्रात लागे.

मंग मोबाईल आले. जो तो आपल्या लग्नाचं आपनच काढाले लागला. आमचे मालक, म्हंजे माहे घरवाले, म्हनाले, आपन गोष्टी काढू, आपल्या बोलीतल्या. घरात मराठी, बाजारात तेलुगू, शेठजीसंगं हिंदी, जसं आपन बोलतो तसं. छोट्या छोट्या हसाच्या पिक्चरी त्यायनं इंटरनेटवर टाकल्या, अन् त्यातूनच हैदराबादच्या एका चॅनलनं सहा भागायची सिरियल मागतली.

घरात मालकाचे मोठे भाऊ, म्हंजे माहे भासरे. त्यायले खताचं दुकान टाकाचं होतं अन् त्यायचा डोळा याच शटरवर. रोज जेवताना बोलत, "पिक्चरीनं पोट भरते का?" शेवटी सासऱ्यायनं निकाल देला. सिरियल चॅनलवर गेली तं शटर कंपनीचं. नाई गेली तं खताचं.

सिरियल होती एका भाजीवालीच्या घरची. सासूचा पार्ट माह्या सासूनंच केला, लेकाचा पार्ट बाजारातल्या टेलरनं, सुनेचा एका शिकत्या पोरीनं. घरच्या म्हाताऱ्याचा पार्ट सासऱ्यायनं. मी चहा कराची अन् पोरीले सांभाळाची. माही पोरगी तवा आठ महिन्याची, अन् मले कॅमेऱ्यासमोरून नुसतं जायचं म्हनलं तरी मी मागच्या दारानं फिरून जाची. सहाही भाग काढून झाले. पहिला भाग हैदराबादले पोचला. कम्प्युटरात जागा नव्हती म्हनून उरलेले पाच एका काळ्या डब्बीत, हार्डडिस्क म्हनते तिले. सासरे ते डब्बी हातात घेऊन म्हनाले होते, "पोरी, आपली अख्खी कंपनी याच्यात हाय."

दसऱ्याच्या दिवशी सकाळीच मालक बसनं हैदराबादले गेले. पहिला भाग पाहून चॅनलच्या सायबानं दुसऱ्या दिवशीची भेट देली होती, बाकीचे मंग धाडाचे होते. हत्याराची पूजा आली माह्यावर. सासू भाजी निवडता निवडता म्हनाली, "विळा, पावशी, तराजू, सगळं धुऊन पुसून ठेव. अन् दुकानातलं बी आन."

मी सगळं आनलं. विळा धुतला, भाजी कापाची पावशी धुतली. कॅमेऱ्याले मालक दरवर्सी नुसतं बोट लावत ते मी पाह्यलं होतं, म्हनून त्याले तेवढंच कुंकू लावलं. मंग ते काळी डब्बी घेतली. मले वाटलं, सगळ्यात मोठं हत्यार तं हेच. कंपनीचा देव याच्यातच हाय, अन् त्याले नुसतं बोट लावाचं? मी वल्या फडक्यानं तिले नीट पुसलं. तारेच्या बारक्या भोकात धूळ होती तिथं पानी सोडून साफ केलं. ताटात ठेवली, देवाले घालतो तसं पंचामृत घातलं, हळद-कुंकू लावलं, आपट्याचं पान ठेवलं. हात जोडून मागतलं का सिरियल जाऊ दे.

दुपारी सासरे डब्बी कम्प्युटरले लावाले गेले. लाईट लागला नाई. त्यायनं तार बदलली. मंग डब्बी हालवली तं त्यातून दूध गळलं.

ते उठले, परदा सरकवला अन् बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मले रागावले असते तं बरं झालं असतं. पोरगी कडेवर रडून राह्यली होती, अन् मले एकच कळे का आता मालकाले सांगाचं हाय. सासू म्हनाली, "मी सांगते. मीच म्हनलं तुले धुवाले." मी म्हनलं, "नाई आई. भोकात पानी मी घातलं." अन् फोन लावला.

"काय झालं?"

"धुतली."

"काय धुतलं?"

"ते काळी डब्बी. पुसली अन् वरून पंचामृत..."

"कोनती डब्बी?"

"ज्याच्यात सिरियल हाय."

तिकडून हैदराबादच्या गाड्या वाजत होत्या. मंग म्हनाले, "कॅमेऱ्याच्या कार्डावर असन." मी म्हनलं, "कार्ड तुमीच खाली केले ना, दुर्गादेवीच्या शूटिंगसाठी." तवा ते एकच वाक्य बोलले, "मंग झालं." अन् मले काय झालं कोन जाने, मी म्हनलं, "झालं नाई. आपन पुन्हा काढू. तुमी सायबाले मुद्दत मागा."

सायबानं वीस दिवसायची मुद्दत देली. काऊन पाह्यजे ते मालकायनं सांगतलं नाई.

मी पोरीले घेऊन चार दिवस घरोघर फिरली. सिरियलमधल्या सुनेची सोयरीक झाली होती, तिची माय दारातच म्हनाली, "आता तिच्या सासरच्यायले नाई चालत, बाई." टेलरच्या दुकानात गेली तं त्यानं टोपी काढली. तिरुपतीले नवस फेडून आला होता, डोकं असं चकचकीत गुंडू. मी तिथंच कापडाच्या गठ्ठ्यावर बसली.

मालक परत आले होते, चौथ्या संध्याकाळी सगळे शटरमध्ये जमले. टेलर म्हनाला, "सोपं हाय. दुसऱ्या भागात माह्या बापाले मारा. बाप मेला का पोरगं टक्कल करतेच."

सिरियलमधला बाप म्हंजे माहे सासरे. सासू उसळली, "मुडद्या, तुह्या टकलासाठी माहं कुंकू पुसतं का रे?"

"काकू, खरंच थोडी मरते?"

"कॅमेऱ्यात बी नाई मराचं! अन् दिवाळीच्या तोंडावर तं बिलकूल नाई!"

सासरे त्या दिवसापासून पहिल्यांदा हसले. म्हनाले, "मी मराले तयार हाय, पन ही रडाची नाई, मले ठाव हाय." मंग तेच म्हनाले का पोरगं तिरुपतीले गेलतं असंच दाखवू, खरंच गेलता ना तो. अन् सून? मालक डोकं धरून बसले. मी म्हनलं, "बाळंतपनाले माहेरी गेली म्हनू. अन् थोरली जाऊ माहेराहून पोरीले घेऊन परत आली."

"थोरली कोन?"

मी पोरीकडं पाह्यलं. सगळ्यायले कळलं, थोरली मीच.

दुसऱ्या दिवशी आंगनात कॅमेरा लावला. मले एक वाक्य म्हनाचं होतं, सासूले, "या घरात माह्या पोरीची जागा कोनती ते सांगा." तेवढंच. माहा पहिला शब्द निघे अन् पुढचं वाक्य हरपे. मालक म्हनत, कट. पुन्हा. कट. पुन्हा. पोरगी झंपराची गाठ ओढे. सासू पार्ट सोडून मधातच म्हने, "पानी पे, पानी पे." मी आठवी शिकलेली, चार मानसात बोलाची सवय नाई. मले वाटलं पळून जावं.

तवा मले शटर दिसलं. आंगनातून सरळ दिसते ते. भासरे टेप घेऊन आले होते अन् शटरची रुंदी मोजत होते, खताची पोती कुठं रचाची ते पाहत होते. मुद्दतीचे अजून पंधरा दिवस होते. पंधरा. मले भेव होतं तसंच होतं, कमी नाई झालं, पन त्याच्यावर दुसरं काहीतरी चढलं. मी सासूकडं पाह्यलं अन् म्हनलं,

"या घरात माह्या पोरीची जागा कोनती ते सांगा."

भासऱ्यायचा टेप सर्रकन गुंडाळला गेला. कोनी कट म्हनलं नाई. सासू आपलं वाक्य विसरली अन् नुसती पाहत राह्यली, अन् मालकायनं ते तसंच ठेवलं.

आमी बारा दिवसात पाच भाग काढले. वावरात पहिल्या वेळी कापसाची पराटी फुलावर होती, आता बोंडं फुटून पांढरी झालती. त्यातूनच फिरलो. रोज झालेलं काम आता दोन जागी ठेवत होतो, एक सासऱ्यायजवळ, एक माह्या माहेरी बाजारहत्नूरले माह्या भावाजवळ, मोटरसायकलनं धाडून.

पाठवल्यावर तिसऱ्या दिवशी सायबाचा फोन आला. मालकाचा हात फोनवर अन् फोन काही उचलवेना. घरातले सगळे भोवती. मी उचलला. माही तेलुगू भाजीबाजारातली, मोडकीतोडकी.

साहेब म्हनाला, "पहिल्या भागातली सून कुठं गेली, अम्मा?"

"बाळंतपनाले, सार."

"पहिल्या भागात तं तिचं पोट दिसत नव्हतं."

"सार, आमच्या इकडं लुगडं नेसते, आठव्या महिन्यापर्यंत सासूले बी समजत नाई."

तिकडं कोनीतरी हसलं, साहेबच असन. "अन् पराटी? हिरवी होती, एकदम पांढरी झाली."

"सार, पराटी आमच्यासाठी थांबते का?"

मंग साहेब म्हनाला, "हे नवी जाऊ कोन हाय? पुढचे भाग काढले तं तिची गोष्ट वाढवा. सहाही भाग लावतो."

मी फोन ठेवला अन् सगळ्यायले सांगतलं, सहाही भाग लावते. सासरे उठले, शटरची किल्ली खिशातून काढली अन् भासऱ्यायकडं न पाहता मालकाच्या हातात देली. मालकायनं मले देली. भासऱ्यायनं पुढं बस स्टँडजवळ दुसरं दुकान पाह्यलं, आता चांगलं चालते, अन् त्यायच्या दुकानाची जाहिरात आमीच काढली.

रोज सकाळी नऊ वाजता शटर मीच उघडते. पोरगी आता धावते, तारायमध्ये पाय अडकवते. संवाद मी वहीत लिवते, ऱ्हस्व-दीर्घ मले येत नाई, मालक वाचून घेते. भेव गेलं नाई. कॅमेरा सुरू झाला का मी ते भेव घेऊनच उभी राह्यते, अन् बोलते.