झाडातली साखर, पोपलर आणि मोसंबी

नवीन जालन्याच्या स्टेशनवर गाडी येईपर्यंत माय एकच विचारत होती, की मी स्वीडनला जाऊन नेमकं काय करणार. माझे वडील, अण्णा, शाळेत शिकवायचे, राजूरजवळची मोसंबीची बाग मायनंच वाढवली. झाडांचं काम आहे म्हटल्यावर तिला बरं वाटलेलं. पण मी ‘झाडातल्या साखरेचं’ म्हणाले आणि ती गोंधळली.

“साखर तर उसात राहती.”

“सगळ्याच झाडांच्या पानांत तयार होते, माय.”

“मंग तिथं जाऊन ती मोजणार का तू?”

तेवढ्यात गाडी आली.

इथं स्वीडनमध्ये काचेच्या घरात पोपलर नावाच्या झाडाची रोपं असतात. काहींना मी भरपूर नत्र देते, काहींना जेमतेम. त्यानं साखर बनवणारी, मोडणारी, साठवणारी कोणती जनुकं जागी होतात आणि कोणती गप्प बसतात, ते पाहायचं. पुस्तकात सोपं वाटलं होतं. नत्र नसलं की वाढ थांबते, साखरेला गिऱ्हाईक उरत नाही, ती पानात तुंबते. नत्र मिळालं की झाड तीच साखर वाढीला लावतं. प्रत्यक्षात एकच जनुक पानांत एक सांगायचं आणि मुळांत भलतंच. शेजारशेजारच्या दोन रोपांचे आकडे जुळायचे नाहीत. माझी गाईड आकडे पाहून ‘इंटरेस्टिंग’ म्हणायची. हे कौतुक की काळजी, मला आजही कळलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात मायचा व्हिडिओ कॉल आला.

“झाडं लई हिरवी हायेत, पण फळ गळून राह्यलं. तुझा भाऊ म्हणतो अजून युरिया टाकू. तू त्याच्यावरच शिकून राह्यली ना? मंग सांग, टाकू का न्हाई?”

युरिया म्हणजे नत्रच, पण माझी रोपं कुंडीतली, तिची झाडं काळ्या रानातली. मी पानं-मुळं तपासते, ती फळ विचारत होती.

“मला नाही सांगता येत, माय.”

“आवाज तुटून राह्यला का?”

मी पुन्हा तेच म्हणाले. ती मग म्हणाली, “बरं. जेवली का?”

सुट्टीत गेले तेव्हा अर्ध्या बागेत भावानं युरिया टाकलेला, अर्ध्या बागेत मायनं टाकू दिला नव्हता. मी दोन्हीकडून फिरले. तिच्या बाजूची पानं फिकी होती, पण फळगळ दोन्हीकडं दिसत होती. शेवटी भावानं एका झाडाची मुळं उकरली. ती कुजलेली निघाली. पाणी साचत होतं. आम्ही चर काढले. त्यानंतर गळ कमी झाली. चरामुळं की पाऊस थांबल्यामुळं, ते मात्र मी छातीठोक सांगू शकले नाही. माय तेवढ्यानंही खूश होती. मी नव्हते. एवढ्या वर्षांत मी प्रयोगशाळेत मुळं कापत आले आणि घरच्या झाडाची मुळं पाहायचं मला सुचलं नव्हतं. की ते माझं कामच नव्हतं?

स्वीडनमधल्या कामाची मुदत वाढवून मिळत होती, हे मायला कसं सांगावं याचाही घोळ चालला होता. शेवटी ते तसंच बाहेर आलं. राजूरला गणपतीच्या देवळाच्या रस्त्यावर शाळेतली मैत्रीण भेटली. “किती दिवस हायेस?” तिनं विचारलं.

“पुढच्या आठवड्यात घरी जाणार,” मी म्हणाले. घरी म्हणजे स्वीडनला.

माय शेजारीच उभी होती. तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली, एवढंच. वाटेत मी मुदतीचं सांगितलं. “मला ठाऊक होतं,” ती म्हणाली.

तुमच्यातले जे परदेशी गेले आणि जे मागं राहिले, त्यांना हा ‘घर’ शब्द कसा लागतो कोण जाणे. विमानातून उतरले, बर्फात बसची वाट पाहत होते, तेव्हा मायचा फोन आला.

“पोचली का घरी?”

“पोचतेच आहे.”

“अन् इकडं कधी येती?”

लवकर येईन म्हणाले. बस आली, बसले. घर तर मायनं इथल्यालाच म्हटलं; आता तिच्या त्या ‘इकडं’ला काय म्हणायचं, हे मला अजून सुचलेलं नाही.