मकबूल मिस्त्रीच्या खुंट्या

आपण केलेलं काम पुन्हा बघायला माणसानं कधी जाऊ नये. मकबूल मिस्त्री गेला, आन् शेजारी म्हणून मलाबी संगं नेलं. तवापासून मला अन्न गोड लागंना.

आमच्या कंधारचा हा सुतार. त्र्याण्णवच्या भूकंपानं राजेसाहेबांचा सागवानी महाल खिळखिळा झाला, तवा यानंच सात महिने राबून तो सावरला. लोखंडाचा एक खिळा मारू दिला न्हाई. सांध्यांत लाकडी खुंट्या, त्याबी जरा सैल. म्हणायचा, धरणी हलली की घरानंबी हललं पायजे, अडून बसलं की मोडतंय. पण घरात त्याच्या या हुन्नराची किंमत शून्य. नातीन हुमा लातूरला डॉक्टरकीच्या क्लासला, तिला सुताराची नात म्हणवून घ्यायची लाज. महालाचं आता म्युझियम झालंय. क्लासची सहल तिथंच निघाली हे कळलं, तसा मिस्त्री इस्त्रीचा सदरा घालून तयार.

"पोरीनं एकदा माझ्या हाताचं काम बघावं, भुजंगा. बस, येवढंच."

आत पाय टाकला आन् बघतो तर काय. खांबांवर चॉकलेटी ऑइलपेंट थापलेला, कोपऱ्यांत गुटख्याच्या पिचकाऱ्या, सांध्यासांध्यात लोखंडी बोल्ट. आन् मिस्त्रीच्या खुंट्या? काचेच्या पेटीत, लाल मखमलीवर. खाली पाटी : 'राणीसाहेबांच्या सारीपाटाच्या सोंगट्या'. थू असल्या शहाणपणावर. गाढवाला गुळाची चव काय.

मिस्त्रीनं तिथल्या साहेबाला हात जोडून सांगितलं, या सोंगट्या न्हाईत, घराचे सांधे हायत, ते बोल्ट काढा. साहेब म्हणला, सैल दिसल्या म्हणून काढल्या, आन् तुम्ही कोण सांगणारे? मीच बसवल्या होत्या म्हणल्यावर तो मेला हसला. क्लासची पोरं मोबाइल काढून शूटिंग करून राहिली. हुमा त्यांच्यातच उभी होती.

मिस्त्रीनं तिच्याकडं बोट केलं. "हिला इचारा. ही वळखते मला."

क्लासच्या सरांनी तिला विचारलं, कोण गं हे? पोरगी फरशीकडं बघत, एकदम शुद्ध बोलीत म्हणली, "गावाकडचे सुतार आहेत, सर."

किळस आली मला तिची. एक कानफाडात द्यावी वाटली. मी तोंड उघडलं, तर मिस्त्रीनं माझा दंड दाबला आन् सरांकडं बघून मान हलवली.

"हाव साहेब," तो म्हणला, "खोटं न्हाई बोलली पोरगी. लई शिकवा तिला."