दूधगाडीतली रिकामी जागा

खोऱ्यातली सगळी माणसं त्याला निवांत म्हणत. खरं नाव बायकोला आणि परवाना देणाऱ्या कचेरीला तेवढं ठाऊक. काय चाललंय असं कुणी विचारलं की हा म्हणायचा, "निवांत." टायर पंक्चर झालेलं असो नाहीतर दरड कोसळून गाडी मध्येच अडकलेली असो, उत्तर तेच. दुधाचा टँकर चालवणाऱ्या माणसाला हा स्वभाव शोभूनही दिसायचा. पहाटे वस्त्यावस्त्यांवरून दूध गोळा करायचं, नदीच्या कडेकडेने वळणं घेत ते शहरातल्या डेअरीत रिकामं करायचं, टाकी आतून धुऊन घ्यायची आणि लगेच परतीला लागायचं, कारण संध्याकाळचं दूध टाकीची वाट बघत असायचं. घाई केली की टाकीतलं दूध हिंदकळतं आणि वळणावर गाडीलाच बाहेर ढकलायला लागतं, हे त्याला पहिल्याच वर्षी कळलं होतं. तेव्हापासून त्याने घाई हा प्रकार आयुष्यातूनच काढून टाकला.

बायको मात्र दुसऱ्या टोकाची. ती दूध संकलन केंद्रावर होती. प्रत्येकाच्या कॅनमधलं थोडं दूध घेऊन ती यंत्रावर फॅट बघायची आणि पाणी घातलेलं दूध, देणारा सख्खा चुलता असला तरी, परत करायची. तिच्यापुढे लबाडी करायची कुणाची छाती नव्हती. संसार चांगला चालला होता. घर केंद्राच्या मागेच, दोन मुली शाळेत, आणि टँकर अंगणात उभा राहिला की स्वयंपाकघरात अंधार व्हायचा, एवढीच काय ती कटकट.

निवांतला अडतिसावं वर्ष चालू असताना शौचाला रक्त पडायला लागलं.

पहिल्यांदा त्याने कानाडोळा केला. मग महिन्याभराने खोऱ्यातल्या डॉक्टरांकडे गेला. सगळ्या खोऱ्याला मिळून हे एकच डॉक्टर. सकाळी बाळंतपण, दुपारी झाडावरून पडून मोडलेला हात, संध्याकाळी कुणाच्या तरी म्हाताऱ्याचा खोकला. ते निवांतला ओळखत होतेच, त्यांनी विचारलं, दिवसातले किती तास गाडीत बसतोस? मग म्हणाले, मूळव्याध आहे, दुसरं काय असणार, तुझी अजून चाळिशीसुद्धा आलेली नाही. त्यांनी मलम दिलं, भाज्या जास्त खायला सांगितलं. निवांतला बरंच वाटलं. मूळव्याध म्हणजे ड्रायव्हर लोकांचा घरचाच पाहुणा. डेअरीतल्या निम्म्या जणांकडे तो मुक्कामाला होता.

वर्ष गेलं. मलमाच्या नळ्या संपल्या, रक्त थांबलं नाही. पँट ढिली व्हायला लागली तेव्हा त्याने खिळा तापवून पट्ट्याला एक भोक पाडलं, मग आणखी एक. डेअरीच्या पायऱ्या चढताना दम लागायचा. बायकोने दोनदा विचारलं. एकदा तो म्हणाला उन्हाचा त्रास, एकदा म्हणाला वय झालं. रक्ताची गोष्ट त्याने तिला सांगितलीच नव्हती. इतक्या वर्षांच्या संसारात आता हे कुठे बोलत बसायचं, असं त्याला वाटायचं.

त्याचा धाकटा भाऊ शहरात विम्याच्या कंपनीत नोकरीला होता. तो दोन वर्षांनी लहान, शिकायला म्हणून गेला आणि तिथलाच झाला. कंपनी दरवर्षी सगळ्यांची तपासणी करायची. त्यात धाकट्याच्या शौचात डोळ्यांना न दिसणारं रक्त सापडलं. आठवड्याच्या आत दुर्बिणीची तपासणी झाली, आतड्यात वाटाण्याएवढा मांसाचा एक कोंब निघाला, तो तिथल्या तिथे काढून टाकला, आणि तिसऱ्या दिवशी हा पठ्ठ्या पुन्हा कामावर. त्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी जाता जाता त्याला विचारलं, सख्खी भावंडं आहेत का? असतील तर त्यांनाही बघून घ्यायला हवं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्याने निवांतला फोन केला. सगळं सांगून झाल्यावर विचारलं, "दादा, तुला असलं काही होत नाही ना?"

एरवी प्रत्येक प्रश्नाला एकाच शब्दात उत्तर देणाऱ्या माणसाला तो शब्द सापडेना. शेवटी तो म्हणाला, रक्त जातंय, वर्ष झालं. धाकट्याने फोन ठेवला आणि वहिनीला लावला.

संध्याकाळी निवांत टँकर लावून आत आला तेव्हा बायको स्वयंपाकघरात स्टुलावर बसून होती. रडली नव्हती. रडली असती तर बरं, असं त्याला वाटलं.

"रोज सबंध खोऱ्याचं दूध तपासते मी," ती म्हणाली. "थेंबभर पाणी असलं तरी मला कळतं. आणि माझ्या घरात वर्षभर रक्त जातंय, ते मला दिराने फोन करून सांगायचं?"

तो हळू आवाजात म्हणाला, गाडी कोण नेणार?

खरी अडचण तीच होती. खोऱ्यातला हा एकटाच माणूस रोज शहरात जायचा, रोज त्या इस्पितळाच्या फाटकावरून टँकर न्यायचा, पण इस्पितळातल्या नोंदणीच्या खिडक्या उघडायच्या तेव्हा त्याची गाडी परतीच्या पहिल्या वळणावर असायची. सुट्टी घ्यावी तर दूध काही सुट्टी घेत नाही, गाई धार द्यायच्या थांबत नाहीत. ही अडचण धाकट्यानेच सोडवली. त्याने हौसेने कधीकाळी जड वाहनाचा परवाना काढला होता, आणि शिकत असताना सुट्टीत हाच टँकर चालवला होता. तो बॅग भरून आला आणि म्हणाला, "चावी दे. वाटेत मी तुला इस्पितळाच्या दारात उतरवतो आणि पुढे जातो. रात्री माझ्या शहरातल्या घरी राहा, दुसऱ्या दिवशी येताना उचलतो."

आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध घेताना निवांतने जी धावपळ केली तेवढी घाई त्याने जन्मात केली नसेल. मुलींना हसू आवरेना, आणि मग बायकोलाही. चार दिवसांत ती पहिल्यांदाच हसली होती.

दुर्बिणीत गाठ दिसली. वाटाणा नव्हे, लिंबाएवढी. तपासायला पाठवलेला तुकडा कॅन्सरचा निघाला. यकृतात, फुप्फुसात मात्र काही पोहोचलं नव्हतं. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. ऑपरेशन, मग काही महिने केमो, मधल्या काळात शौचासाठी पोटावर पिशवी, आणि बरं व्हायची शक्यता चांगली, असं त्यांनी सांगितलं. मग टेबलावरची फाईल मिटत त्या म्हणाल्या, "तुमच्या भावाचा कोंब आणि तुमची गाठ, सुरुवात एकच. शहरातले तुमच्या वयाचे लोक माझ्याकडे येतात ते बहुतेक त्याच्यासारखे. तुमच्या बाजूचे येतात ते तुमच्यासारखे, किंवा तुमच्याहूनही उशिरा. तुमच्याकडची तरुण माणसं जास्त दगावतात, ती काही वेगळ्या आजाराने नाही."

घरी येताना निवांत खिडकीशी बसला होता आणि धाकटा गाडी चालवत होता. वाटेतली घरं बघता बघता त्याला एकेक माणूस आठवत गेला. वरच्या वस्तीवरची टपाल वाटणारी बाई, दोन लहान मुलं मागे ठेवून गेलेली. शाळेत त्याच्या बाकावर बसणारा, पुढे करवत गिरणीत लागलेला दोस्त. पुलाजवळच्या दुकानदाराचा जावई. सगळे चाळिशीच्या आतले. खोऱ्यात म्हणायचे, आपल्याकडचं हवापाणीच तसं आहे. तोही तेच म्हणत आला होता. आता पहिल्यांदाच त्याच्या मनात आलं, की धाकटा आणि तो एकाच विहिरीचं पाणी पिऊन वाढले होते.

ऑपरेशन नीट पार पडलं. पोटावरच्या पिशवीमुळे सुरुवातीला त्याने हातपाय गाळले, कुणाला घरात येऊ देईना. बायकोने मात्र ती पिशवी केंद्रावरच्या नळ्या-बाटल्यांसारखीच हाताळली: धुवायचं, कोरडं करायचं, नवीन लावायची, पुढचं काम. तिच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही म्हटल्यावर त्याचीही लाज हळूहळू गेली. केमोच्या दिवसांत जिभेला चव राहिली नाही, बोटांना गार पाणी सोसेना. थोरली शाळेतून आली की त्याला धडे वाचून दाखवायची आणि तो अर्ध्यात झोपायचा.

तिकडे धाकटा पहाटे टँकर चालवायचा आणि दुपारपासून भावाच्या घरी ओट्यावर कॉम्प्युटर ठेवून विम्याचं काम करायचा. त्याच्या कंपनीने तेवढी मुभा दिली होती. खोऱ्यातल्या लोकांना त्याचं चालवणं पसंत नव्हतं. इतक्या वेगाने नेलं तर डेअरीत दूध नाही, लोणीच पोहोचेल, असं एक म्हातारी त्याला तोंडावर म्हणाली. संध्याकाळी दोघे भाऊ अंगणात बसायचे. लहानपणी एका खोलीत झोपत होते, त्यानंतर इतके दिवस ते एकत्र राहिले नव्हते. निवांत नंतर सांगायचा, की त्या आजारपणातलं तेवढं मला परत मिळालं तर हवंय.

एक दिवस खोऱ्यातले डॉक्टर घरी आले. टोपी हातात धरून दारातच उभे राहिले. म्हणाले, मी चुकलो, तुझं वय बघितलं आणि पुढे बघितलंच नाही. निवांतने त्यांना बसायला खुर्ची दिली आणि म्हणाला, मी तरी कुठे परत आलो तुम्हाला सांगायला. दोघांनी चहा घेतला. डॉक्टरांनी विचारलं, असे आणखी कुणी माझ्याकडे आले आणि मी शहराची चिठ्ठी दिली, तरी ते जाणार कसे?

तो प्रश्न निवांतच्या डोक्यात राहिला. पिशवी निघाली, ताकद आली आणि तो पुन्हा टँकरवर बसला, तेव्हा शेजारच्या रिकाम्या जागेकडे त्याचं लक्ष जायला लागलं. तीन माणसांची केबिन, आणि इतकी वर्षं तो एकटाच जात होता. त्याने डेअरीच्या मॅनेजरला विचारलं. मॅनेजर म्हणाला नियमात बसत नाही. निवांत रोज विचारत राहिला, तितक्याच शांतपणे, तेव्हा कंटाळून त्याने वरून परवानगी आणली. मग पुढच्या तपासणीला गेला असताना त्याने डॉक्टरीणबाईंना साधी गोष्ट सांगितली, "तुमच्या खिडक्या उघडतात तेव्हा आमची गाडी निघालेली असते." इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी आपल्या लोकांशी बोलून बघितलं, आणि दर गुरुवारी दोन तपासण्या दिवस उजाडतानाच करायच्या ठरल्या. टाकी धुऊन होईपर्यंत माणसं मोकळी व्हायची.

पहिली सवारी शाळेतल्या बाईंची. चौतीस वर्षांच्या, आणि त्यांना वर्षभर तोच त्रास. औषध घेतलेलं पोट आणि नदीकाठची वळणं, त्यामुळे गाडी कुठे कुठे थांबवावी लागेल ते निवांतने आधीच बघून ठेवलं होतं: पेट्रोल पंप, लाकडाची वखार, आणि एका विधवा बाईचं घर, जिने बाहेरचा दिवा रात्रभर चालू ठेवायचं कबूल केलं होतं. शाळेतल्या बाई तिन्ही ठिकाणी उतरल्या. तपासणीत काहीही निघालं नाही. परतीच्या वाटेवर त्या रागावल्या होत्या, की एवढा उपास उगाच घडला. निवांतने सबंध वाटभर त्यांचं ऐकून घेतलं. कुणाचं रागावणं त्याला इतकं गोड कधी लागलं नव्हतं.

मग गुरुवार भरायला लागले. डॉक्टर चिठ्ठी द्यायचे, बायको केंद्रावर येणाऱ्या प्रत्येकाला दूध मोजता मोजता तब्येत विचारायची, आणि खरं काढून घ्यायची. कुणाचा कोंब निघाला, तो काढला गेला. बऱ्याच जणांची खरोखरच मूळव्याध निघाली. सगळंच काही मनासारखं झालं नाही. पुलापलीकडचा तरुण सुतार दोन गुरुवार ठरवून आला नाही, आणि आला तेव्हा फार पसरलं होतं. त्याला औषधाला नेण्या-आणण्याचं काम निवांतने शेवटपर्यंत केलं. तो गेल्यावर आठवडाभर निवांत केंद्रावर कुणाशी बोलला नाही. सुताराच्या बायकोला मात्र त्याने पुढच्याच महिन्यात तपासणीला नेलं. तिने नको म्हणून बघितलं, पण हा दारात गाडी बंद करून बसून राहिला.

आता त्याला पंचेचाळिसावं लागलंय. दर तपासणीत सगळं ठीक निघतं. डॉक्टरीणबाई आता त्याच्याशी आजारापेक्षा रस्त्याबद्दल जास्त बोलतात.

गेल्या वर्षी एका गुरुवारी त्याची बायकोच शेजारच्या जागेवर बसली. त्रास काही नव्हता, पण चाळिशी उलटली होती आणि सगळ्या खोऱ्याला पाठवणारी ही स्वतः कधी गेली नव्हती, हे मुलींनी बोलून दाखवलं. लग्नानंतर ती या गाडीतून शहरापर्यंत कधी आलीच नव्हती. वाटेत तिने त्याला गिअर कधी बदलावा ते सांगितलं. विधवा बाईच्या घरी थांबले तेव्हा दोघी इतक्या बोलत बसल्या की निवांतला हॉर्न वाजवावा लागला.

तपासणीत काही निघालं नाही. बाहेर आल्यावर तिला अशी भूक लागली होती, की समोरच्या बेकरीतून आणलेले गरम पाव तिने केबिनमध्ये बसून नुसतेच खाल्ले, आणि त्याच्या वाटणीचा अर्धाही. मग म्हणाली, टाकी धुतली का नीट, बघून येते. बघून आली, समाधान झालं, आणि शहर संपायच्या आत खिडकीला डोकं टेकून झोपली. निवांतने खिडकीची काच वर केली आणि गाडी आणखी हळू घेतली.

केंद्रावर पोहोचले तेव्हा कॅन घेऊन माणसं उभी होती. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. ती खाली उतरली, काही नाही, सगळं बरंय म्हणाली, एप्रन बांधला, आणि रांगेतल्या पहिल्याला कॅनचं झाकण उघडायला सांगितलं.