थोरल्याचं मुंडण

कोर्टाने मनाच्या तपासणीसाठी आमच्या वॉर्डात पाठवलेल्या एका तरुणाने भ्रमाच्या भरात वडिलांचा जीव घेतला होता. थोरला भाऊ पहिल्यांदा भेटायला आला, तेव्हा त्याचं मुंडण ताजं होतं. धाकट्याने त्या डोक्याकडे पाहून हसत विचारलं, "दादा, केस का काढलेस?" थोरला डब्यातली भाकरी मोडून त्याच्यापुढे ठेवत राहिला. जाताना मात्र मला म्हणाला, "डॉक्टर, तेव्हा त्याला कळत होतं का हो?"

कोर्टही मला एवढंच विचारतं. त्या घटकेला कळत नव्हतं, असं मी लिहीन आणि ते खरंच आहे. पण औषधं लागू पडली की कळणं हळूहळू परत येतं, आणि ते आणणारे आम्हीच असतो. त्यालाच आम्ही बरं होणं म्हणतो.

आज थोरला आला, तेव्हा त्याचे केस पुन्हा वाढले होते. धाकटा बराच वेळ त्या केसांकडे पाहत बसला. भाकरीला त्याने हात लावला नाही. मग स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवत हळूच म्हणाला, "दादा, माझे काढायचे राहिले."