सतरा नंबरची नाडी

दुपारचे साडेतीन वाजलेत आणि प्रणिताचा डोळा लागतो आहे. झोपायचं नाही असं तिनं ठरवलंय. पण परवापासून तिनं जे जे ठरवलं त्यातलं एकही धड पार पडलेलं नाही, मग हे कुठून पडायला! हॉस्टेलच्या लोखंडी कॉटवर ती भिंतीला टेकून बसली आहे, मांडीवर वही, हातात निळं बॉलपेन. वहीत अर्ज लिहिलाय: "मला हा नर्सिंगचा कोर्स झेपत नाही, तरी माझे नाव कमी करावे." कॉटखाली बॅग भरून ठेवली आहे. सांगोल्याची एसटी सव्वापाचला सुटते.

आणि पाच वाजता मेट्रनबाईंच्या खोलीत वॉर्डच्या पठाण सिस्टरांची चौकशी आहे.

झेपत नाही हे काही खोटं नाही हो. बारावीपर्यंत मराठीतून शिकलेली पोर, इथं आली तर हाडांची नावंसुद्धा इंग्रजीत. पहिल्या वर्षाचा एक पेपर दोनदा राहिला. सकाळी वर्ग, दुपारी वॉर्ड, आणि वॉर्डात चौतीस पेशंटांमागं शिकाऊ मुली दोन. पण निघून जायचं खरं कारण हे नव्हे, आणि ते तिला पक्कं ठाऊक आहे.

परवा दुपारी चारच्या राउंडला तिनं पहिल्या बारा जणांची नाडी घड्याळ लावून मोजली. मग पाय भरून आले, डोकं चालेना. पुढच्या सगळ्यांच्या चार्टवर तिनं सकाळचेच आकडे थोडे इकडंतिकडं करून उतरवले. करतात गं सगळ्याच मुली, असं मनाशी म्हणत. सतरा नंबरला राजय्या आजोबा, जन्मभर मागावर चादरी विणलेले. त्यांची नाडी अठ्ठ्याहत्तर, श्वास अठरा. "पोरी, दम लागलालाय गं," आजोबा म्हणाले होते. "आलेच हं," म्हणून ती पुढं गेली, ती गेलीच. सहाला आजोबा संपले.

आता चार्ट सांगतो, चारला माणूस ठणठणीत होता. मग दोन तास ड्युटीवरची सिस्टर काय करत होती? मेट्रनबाई विचारणारच की. आणि पठाण सिस्टरांकडं त्याला उत्तर नाही, कारण त्यांनी चार्टवर विश्वास ठेवला होता.

पेन बोटांत सैल होतं.

पंख्याचा आवाज वाढतो. खटाक खट, खटाक खट. हा पंखा नव्हे. खोली लांबत जाते, कॉटा रांगेनं लागतात, आणि दोन्ही बाजूंना माग चालू असतात. हवेत कापसाची कसपटं तरंगताहेत. सतरा नंबरच्या मागापाशी राजय्या आजोबा उभे आहेत. अंगात हॉस्पिटलचा सदरा, एक बटण तुटलेला.

"आलीस होय?" ते म्हणतात. "आलेच म्हणाली होतीस."

प्रणिता मागं सरकते. "आजोबा, तुम्ही तर..."

"गेलो की. तूच नाकात कापूस घातलास. नीट घातलास, दुखलं नाही."

ती रडायला लागते. आजोबा तिला गप्प बस म्हणत नाहीत. त्यांचं लक्ष मागावर आहे. चादर पुढं सरकते आणि लाल मोराच्या पोटाशी बोटभर भोक दिसतं.

"हे कुणी केलं, आजोबा?"

"मीच. धागा तुटला की माग थांबवायचा, गाठ मारायची. मला बिडीची तलफ आली होती, नाही थांबवला. मुकादमानं विचारलं तर म्हटलं, रात्रपाळीच्या इरण्णाचं काम."

"मग?"

"इरण्णाला काढला. लेकरंबाळं घेऊन भिवंडीला गेला. पुन्हा काही दिसला नाही."

"तुम्ही सांगितलं नाहीत?"

"उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत म्हातारा झालो बघ. आता रोज हीच चादर असते मागावर. विणून विणून कंटाळलो, पण भोक काही बुजत नाही."

मग ते मनगट पुढं करतात. "मोज."

"माझ्याकडं घड्याळ नाही."

"मी सांगतो की कधी थांबायचं ते."

मनगट गार आहे, पण आत काहीतरी घाईनं धावतंय. ती मोजते. मागांच्या खडखडाटात आकडे निसटतात, तरी ती दात आवळून ते धरून ठेवते. शहात्तर, सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर. इथं ती थांबते. तिला इथंच थांबायचं असतं.

"मी कुठं थांब म्हणालो?"

नव्वद. एकशे दहा. एकशे तीस, एकतीस, बत्तीस.

"बास. लिही."

कागद नाही. सगळीकडं नुसत्या चादरीच चादरी. ती तळहातावर लिहिते.

"आजोबा, मी तेव्हा मोजली असती तर तुम्ही वाचला असतात का हो?"

"मला काय ठाऊक पोरी? मी मागावरचा माणूस. पण पठाणबाई धावत आली असती एवढं खरं." ते खाली बसतात, हळूच. "लई दम लागलालाय गं."

ती हात धरायला वाकते, आणि सगळे माग एकदम थांबतात.

"अगं ए बाई, ऊठ!" रूममेट उज्ज्वला तिला हलवते आहे. "लाइट गेलीय, पंखा बंद, घामानं भिजलीस नुसती. पावणेपाच झाले. एसटी चुकेल ना!"

प्रणिता डोळे चोळायला हात उचलते. डाव्या तळव्यावर निळ्या शाईत वेडंवाकडं लिहिलंय: १३२. अक्षर तिचंच आहे.

ती बेसिनपाशी जाते, नळ सोडते. पाण्याखाली हात मात्र जात नाही. ती नळ बंद करते, कॉटवर येऊन बसते. नाव कमी होईल. अर्ज न देताच होईल, आणि ते सगळ्यांसमोर.

वहीचं पान उलटून ती लिहायला घेते. १३२ लिहून चालणार नाही, तो आकडा स्वप्नातला. खरं एवढंच आहे, आणि ते ती सावकाश, एकेक अक्षर काढत लिहिते: "राजय्या बोल्ली, बेड नंबर सतरा, दुपारी चार वाजता. नाडी मी मोजली नाही."

खाली सही करून ती पान फाडते आणि उठते.

"अगं, बॅग राहिली की!" उज्ज्वला मागून ओरडते.

"राहू दे," प्रणिता म्हणते, आणि चपला घालून मेट्रनबाईंच्या खोलीकडं निघते.